भांगाचा नियम

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका हिवाळ्यात, वसईतल्या माणिकपूरच्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी आम्ही एक लढाई खेळत असू. लढाई पुठ्ठ्याची होती. चार फूट बाय तीन फूट नकाशा, त्यावर पोळ्यासारखी सहाकोनी घरं आणि घरांवर नखाएवढ्या चौकोनी सोंगट्या. एक बाजू उत्तर, दुसरी दक्षिण, मध्ये खाडी. खाडीच्या तोंडाशी दक्षिणेचा किल्ला. उत्तरेने तीस दिवसांत चार तोफा मचव्यांत घालून पलीकडे उतरवायच्या, दक्षिणेने ते होऊ द्यायचं नाही. एक दिवस म्हणजे दोन्ही बाजूंची एकेक चाल.

खेळ तयार करणारे गृहस्थ जवळच्याच, समुद्रकाठच्या वटार गावचे. घरची केळीची वाडी त्यांचा भाऊ बघायचा. हे अंधेरीच्या एका कंपनीत पाइपांचे नकाशे काढायचे. बोटीवर नोकरी करणाऱ्या मित्राने परदेशातून युद्धाच्या खेळाचा एक खोका आणून दिला होता. त्याचे इंग्रजी नियम त्यांनी आणि त्यांच्या बायकोने शब्दकोश घेऊन वाचले, वर्षभर तो खेळ खेळले, आणि मग ह्यांनी स्वतःचा खेळ आखायला घेतला. त्याला चार वर्षं लागली. नकाशा ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनने काढलेला, त्याचे अमोनिया प्रिंट कंपनीत काढतात तसेच काढलेले. सोंगट्या शर्टांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या.

खाडीला नाव नव्हतं. किल्ल्यालाही नव्हतं. वसईत बसून कोणी किल्ल्याचा खेळ करतो आणि त्याला नाव देत नाही, याचं मला नवल वाटलं, तसं मी विचारलंही.

"नाव घातलं की माणसं नियम वाचत नाहीत," ते म्हणाले. "आधी बाजू घेतात."

फ्लॅट बँकेतल्या एका अधिकाऱ्यांचा होता. ते साताऱ्याकडचे, माझे शेजारी. वटारच्या गृहस्थांना ते 'नकाशेवाले' म्हणायचे, मग सगळेच म्हणायला लागले. बँकवाल्यांची मुलगी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक. पाळी संध्याकाळची, त्यामुळे सकाळ मोकळी.

पहिले काही रविवार नकाशेवाले टेबलाशेजारी बसत आणि कोणी अडलं की सांगत. खेळ उत्तम चालायचा. मग पुण्याच्या एका खेळणी बनवणाऱ्याचं पत्र आलं. त्यांनी खेळ बघायची तयारी दाखवली होती, अट एकच: खेळ आणि नियमांची पुस्तिका डिसेंबरअखेर पाठवा, आमच्याकडची माणसं पुस्तिका वाचून खेळतील, तुम्ही यायचं नाही, फोनवरून समजवायचं नाही. नकाशेवाल्यांनी पत्र आम्हाला वाचून दाखवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. चार वर्षांचं काम त्यांच्याशिवाय, परक्या घरात, एकट्या पुस्तिकेच्या भरवशावर चालतं की नाही, एवढाच आता प्रश्न होता. त्याचं उत्तर एकदाच मिळणार होतं.

म्हणून दोन गोष्टी ठरल्या. एक, पुस्तिका मी साफ करायची. दोन, ती छापून आली की बँकवाले आणि त्यांची मुलगी ती वाचून खेळतील, आणि नकाशेवाले खोलीत बसतील पण बोलणार नाहीत. कोणी काही विचारलं तर तीनच शब्द: नियम पुस्तकात बघा. मी नोंदी घ्यायच्या. नोंदवहीत दोन रकाने आखले होते, 'काय झालं' आणि 'काय वाटलं'. दुसरा रकाना शेवटी भरायचा. 'छान' हा शब्द दोन्ही रकान्यांत चालणार नव्हता. ही त्यांची अट.

हस्तलिखित बावीस पानांचं होतं, नियम सव्वीस. अक्षर शाळेतल्या फळ्यावरचं असावं तसं. त्यांची घरची बोली वेगळी आहे हे बोलताना अधूनमधून कळायचं. लिखाणात तिचा मागमूस नव्हता. माझं काम दोन सकाळींत झालं. लांब वाक्यं तोडली, 'सदर' आणि 'उपरोक्त' काढले, पुनरुक्ती गाळली. अकरावा नियम असा होता: 'भांगाच्या दिवशी मचवे हलत नाहीत.' भांग स्त्रीलिंगी, म्हणून मी 'भांगाच्या' खोडून 'भांगेच्या' केलं. पुस्तिकेत तो शब्द सात ठिकाणी होता. सातही ठिकाणी दुरुस्त केला. सैन्य म्हटलं की नशापाणी आलंच, एवढाच विचार डोक्यात आला असावा. कॉपीत शंका आली तर विचारायचं, हे माझ्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मला शंका आली नाही.

मजकूर स्टेशनजवळच्या एका डीटीपीवाल्याने जुळवला. चार झेरॉक्स प्रती काढल्या, पिना मारल्या. नकाशेवाल्यांना त्या आठवड्यात कंपनीतून यायला उशीर होत होता. त्यांनी छापील प्रत वाचली नाही.

त्या रविवारी ते खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसले. बायकोने त्यांच्याबरोबर लवंगांची पुडी दिली होती. बोलावंसं वाटलं की एक चावायची. माझ्या नोंदीत पहिली लवंग सव्वानऊची आहे.

उत्तर बँकवाल्यांकडे होती. पहिले दोन दिवस त्यांनी फक्त सोंगट्या मांडल्या. मग त्यांना मचवे हलवायचे होते, म्हणून त्यांनी अकरावा नियम काढला.

"ऐक गं. भांगेच्या दिवशी मचवे हलत नाहीत. भांगेचा दिवस कुठला?"

"महाशिवरात्र? होळी?"

"महिना कुठं दिलाय यात? नुसत्या तिथ्या आहेत."

मुलीने पुस्तिका घेऊन पुढचं पान उलटून पाहिलं. "उधाणाचं आहे इथे. उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावास्या, ते माहीत आहे. भांगेचं कुठेच नाही."

"नकाशेवाले, भांग कधी पितात हो तुमचे नावाडी?"

नकाशेवाल्यांनी मान वर केली. "नियम पुस्तकात बघा."

"पुस्तकातच बघतोय. पुस्तकच प्यायलंय."

"बाबा, फासा टाकू या," मुलगी म्हणाली. "रोज सकाळी एक फासा. एक पडला की नावाडी टुन्न. मचवे बंद."

"सगळेच्या सगळे टुन्न?"

"एकाच पातेल्यातली पितात ना."

पुढची माझी नोंद: 'नियम ११ चा अर्थ खेळाडूंनी स्वतः लावला. लवंग.' त्यानंतर त्या पानावर लवंग हा शब्द नऊ वेळा आहे. रोज फासा पडत होता. एक पडला की बापलेक हसत, बँकवाले नावाड्यांना साताऱ्याच्या भाषेत शिव्या घालत, आणि दुसऱ्या दिवशी मचवे पुन्हा सुटत. सव्विसाव्या दिवशी चौथी तोफ पलीकडच्या काठाला लागली. उत्तर जिंकली. दुसऱ्या रकान्यात बँकवाल्यांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहिलं: 'सव्वीस नियमांत अकरावा सगळ्यांत भारी. तो नसता तर मी जेवायला उठलो असतो.'

नकाशेवाल्यांनी हात पुढे करून पुस्तिका मागितली. अकराव्या नियमावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे मी लिहिलेलं नाही."

"मी दुरुस्त केलं," मी म्हणालो.

"किती ठिकाणी?"

"सात."

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही. अष्टमीच्या आसपास समुद्राचं पाणी पुरतं चढत नाही आणि पुरतं उतरतही नाही. त्याला भांग म्हणतात. तो भांग. सप्तमी ते एकादशी, पंधरवड्यातून एकदा. गाळावर पाणी कमी, भरलेला मचवा टेकतो. म्हणून मचवे हलत नाहीत.

"भांगाची भरती!" मुलगी म्हणाली. "भूगोलात होतं. परीक्षेपुरतं पाठ केलेलं."

"मग सप्तमी ते एकादशी असं लिहायचं की पुस्तकात," बँकवाले म्हणाले.

"सोमवारनंतर मंगळवार येतो, हे लिहितं का कोणी?"

"वटारला नसेल लिहीत. साताऱ्याला लिहावं लागतं. आमच्याकडं समुद्र कॅलेंडरच्या चित्रात असतो."

मुलगी मागच्या पानावर काहीतरी मांडत होती. "काका, तुमच्या नियमाने तीसपैकी दहा दिवस बंद. आमच्या फाशाने पाचच बंद झाले. म्हणून बाबा जिंकले. आधी ते हरत होते ना."

"बरोबर," नकाशेवाले म्हणाले.

"पण राव, फासा काढू नका," बँकवाले म्हणाले. "खरं सांगतो. आधी तुम्ही शेजारी बसून सांगायचात, तेव्हा मी हो-हो करत खेळायचो. आज पहिल्यांदा उद्या काय होईल ते मला माहीत नव्हतं."

"भरतीला फासा?"

नकाशेवाले उठले. त्यांनी नकाशा गुंडाळला, रबरबँड लावला, सोंगट्या डब्यात भरल्या. चहा झालेला होता, तो घेतला नाही. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. डिसेंबर उजाडला होता.

तिसऱ्या रविवारी मी हस्तलिखिताची पानं घेऊन बसने वटारला गेलो. ते वाडीत पाटाचं काम करत होते. त्यांच्या पत्नी घरी होत्या. त्या गावातल्या शाळेत शिक्षिका. मी माफी मागायला आलोय, असं त्यांना सांगितलं आणि विचारलं, अजून रागावलेत का.

"तुमच्यावर? तुमचा राग दोन दिवसांत संपला. फाशावर रागावलेत."

"का?"

"फाशाने खेळ बरा झाला म्हणून."

मी वही काढली नाही, पण पुढचं संभाषण मला नीट आठवतं. त्या म्हणाल्या, दोन वर्षं घरी त्याच उत्तर घेऊन खेळतात आणि बहुतेक वेळा जिंकतात. त्यांचा डाव एकच. षष्ठीला सगळे मचवे अलीकडच्या काठाला आणून बांधायचे. भांग बसून काढायचा. द्वादशीला निघायचं आणि उधाणात गाळावरून सरळ पार. भरती कधी येणार हे दोघांनाही माहीत, मग तिसरं काही घडायचंच नाही.

"हे त्यांना सांगितलंत?"

"विचारलं कुठे? हरले की म्हणतात, छान खेळलीस. मी म्हणते, छान आहे खेळ. झालं."

नकाशेवाले तेवढ्यात मागच्या दाराने पाय धुऊन आत आले. मला बघून त्यांनी मान हलवली.

"अहो, यांना सांगत होते," त्या म्हणाल्या. "तुमच्या खेळात मी दोन वर्षं एकच डाव खेळते. मला कंटाळा येतो."

ते उभेच राहिले. "दोन वर्षं का नाही बोललीस?"

"तुम्ही हरून खूश व्हायचात. म्हणायचात, बघ, पाणी बरोबर चालतं. मग काय बोलणार?"

ते पलंगावर बसले. गुंडाळलेला नकाशा पलंगाखाली होता, पायाला लागला तसा त्यांनी तो बाहेर काढला, पण उलगडला नाही. मी हस्तलिखित पुढे केलं आणि म्हणालो की भांगाऐवजी 'लहान भरती' लिहिलं तर कोणाचाच गोंधळ होणार नाही.

"तुम्ही शब्दांना हात लावू नका आता," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी हसल्या. मग तेही थोडे हसले. मी जायला उठलो तेव्हा ते म्हणाले, "भरती ठरलेली आहे, ती ठरलेलीच राहणार. तिथीला पाऊणपट करा, तितक्या वाजता पाणी. लहान पोरंही सांगतात. तिथे फासा नाही." आणि थोड्या वेळाने: "वारा मात्र कोणी सांगू शकत नाही."

"मग वाऱ्याला टाका फासा," पत्नी म्हणाल्या.

"तेच म्हणतोय. एक पडला की वारा पडला. मचवे आहेत तिथे."

"म्हणजे पंचमी-षष्ठीला वारा पडला आणि माझे मचवे खाडीच्या मध्यावर असले तर?"

"तर पुढे भांग. पाच दिवस गाळात."

त्या नकाशाच्या गुंडाळीकडे बघत राहिल्या. "मांडा बघू," त्या म्हणाल्या.

मी बस पकडली तेव्हा ते दोघं पलंगावर नकाशा पसरून बसले होते. निकाल मला कळला नाही.

पुढचं काम जलद झालं. नकाशाच्या वरच्या काठाला तीस दिवसांची एक पट्टी आली. प्रत्येक तिथीच्या घरावर पाण्याची रेघ, पौर्णिमा-अमावास्येला उंच, अष्टमीच्या आसपास बसकी. भांगाचे पाच-पाच दिवस आडव्या रेषांनी भरलेले, त्यांवर शब्द एकच: भांग. अकरावा नियम पट्टीकडे बोट दाखवून थांबत होता. वाऱ्याचा फासा हा नवा नियम सत्ताविसावा झाला. ह्या वेळी टंकलिखित मजकूर नकाशेवाल्यांनी डीटीपीवाल्याच्या शेजारी बसून स्वतः तपासला. मी बाहेर बाकावर बसलो होतो.

दुसरी चाचणी ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी, त्याच फ्लॅटमध्ये. लवंगांची पुडी होतीच. बँकवाल्यांनी नियम वाचायच्या आधी पट्टीवरून बोट फिरवलं. "हे काय, ताप मोजल्यासारखं?" मग अकरावा वाचला, पुन्हा पट्टी पाहिली आणि काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी दोन मचवे सोडले. पाचव्या दिवशी ते खाडीच्या मध्यावर होते.

"बाबा, परत फिरवा. सप्तमीपासून भांग आहे," मुलगी म्हणाली. ती दक्षिण खेळत होती. असं सांगायचं तिला कारण नव्हतं.

"तू गप. मला फितवतेस. आज अर्धं झालं, उद्या अर्धं. पोचतो."

षष्ठीच्या सकाळी फासा टाकला. एक पडला. बँकवाल्यांनी फाशाकडे, मग पट्टीकडे पाहिलं. पुढचे पाच दिवस त्यांचे दोन मचवे गाळात होते आणि त्यांची मुलगी किनाऱ्यावरून एकेक करून त्यांच्यावर तोफा डागत होती. बाराव्या दिवशी त्यांच्याकडे तीन तोफा उरल्या. त्यांनी हार कबूल केली.

"वाईट खेळ आहे," ते म्हणाले.

"बाबा, ते दुसऱ्या रकान्यात. आधी काय झालं ते सांगा."

"काय झालं? मला दिसत होतं. पट्टीवर काढलेलं होतं. तरी गेलो." त्यांनी गाळातले दोन्ही मचवे उचलले. "पुन्हा मांडा. ह्या वेळी मी दक्षिण."

त्या दिवशीच्या नोंदीत लवंग दोनदाच आहे, दोन्ही तोफांच्या पल्ल्याच्या नियमावर. तो नियम खरंच अवघड होता. संध्याकाळपर्यंत नकाशेवाल्यांनी तो बदलला. 'पुस्तकात बघा' एकदाही म्हणावं लागलं नाही. हे त्यांनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खाली रेघ मारली.

पार्सल वेळेत गेलं. उत्तर यायला दोन महिने लागले. ते कंपनीच्या पत्त्यावर न येता घरी आलं, त्यामुळे आधी पत्नींनी वाचलं. पुढच्या रविवारी ते दोघंही माणिकपूरला आले आणि पत्र मोठ्याने वाचलं गेलं. खेळ छापणार नाही, असं पहिल्याच ओळीत होतं. तीस दिवसांचा डाव साडेचार तास चालतो. घरातली माणसं एवढा वेळ बसत नाहीत. त्याखाली दीड पान सूचना होत्या, नियमांच्या क्रमांकांसह. सोंगट्यांचे दोन रंग ट्यूबलाइटखाली सारखे दिसतात. तेविसावा आणि चोविसावा नियम एकमेकांविरुद्ध जातात. नकाशाची घडी नेमकी किल्ल्यावर येते. शेवटी लिहिलं होतं की तीन जणांनी खेळ तीनदा खेळला, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा स्वतःच्या इच्छेने, आणि त्यातला एकही समुद्रकाठचा नव्हता. पंधरा दिवसांचा, दोन तासांत संपणारा खेळ करता आला तर पुन्हा पाठवावा.

बँकवाल्यांना पत्र वाईट वाटलं. "नाही म्हणायला दीड पान कशाला?"

नकाशेवाल्यांनी पत्र त्यांच्या हातातून घेतलं. तेविसावा आणि चोविसावा नियम पुस्तिकेत शोधला, वाचला, आणि पेन्सिलीने समासात फुली मारली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "विरुद्ध जातात. आपल्यापैकी कोणालाच दिसलं नाही." मग सोंगट्यांचा डबा ट्यूबलाइटखाली नेऊन उघडला.

"पंधरा दिवसांचा करणार?" मुलीने विचारलं.

"करून बघतो."

"पंधरवड्यात भांगानंतरचं उधाण एकच," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "ते चुकलं तर मला दुसरं मिळायचं नाही."

"नाही मिळायचं."

"मग मी हरेन."

"हर की एकदा," ते म्हणाले, आणि हिरव्या सोंगट्या निळ्यांपासून वेगळ्या करू लागले.